वडगावच्या मागांचा बॅले बसवताना

नवा बॅले बसवायचा म्हटलं की पहिलं काम हॉल मिळवण्याचं. कल्पना, संगीत, पदन्यास हे सगळं मागाहून. बेळगावात लग्नसराईत मंगल कार्यालयं मिळत नाहीत, शाळांचे हॉल परीक्षांत अडकलेले, आणि जिथे जागा मिळते तिथे पायाखाली शहाबादी फरशी. बॅलेला लाकडी जमीन लागते, तीही खाली थोडी पोकळी ठेवून बसवलेली, म्हणजे उडी मारून खाली आल्यावर धक्का जमीन पिऊन घेते. शहाबादीवर तोच धक्का घोट्यातून गुडघ्यात आणि गुडघ्यातून कमरेत चढतो. त्यामुळे टिळकवाडीतला एक जुना हॉल ठरला त्याच दिवशी माझ्या डोक्यातल्या निम्म्या उड्या गळाल्या आणि बोटांच्या टोकांवर उभं राहायच्या पॉइंट शूजचा तर विषयच संपला. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. पिसाइतका हलका नाच करणाऱ्या पऱ्या मला दाखवायच्याच नव्हत्या. मला वडगावचे माग दाखवायचे होते.

मी मुळात भरतनाट्यम् शिकलेली. नंतर मुंबईत नोकरी करता करता काही वर्षं बॅलेचे धडे घेतले आणि लग्नानंतर परत गावी येऊन क्लास सुरू केला. वार्षिक कार्यक्रमात आजवर आम्ही सगळं बसवलं ते दुसऱ्यांचं बघून. हंसांचं तळं, म्हणजे 'स्वान लेक', झालं, गणेशवंदना झाली. या खेपेला मुलं मोठी झाली होती, अंगात ताकद आली होती. मग म्हटलं, आता आपलं काहीतरी करू.

वडगाव, खासबाग, शहापूर हा भाग विणकरांचा. माझ्या क्लासला वडगावची एक मुलगी येते, तिच्या घरी खालच्या खोलीत यंत्रमाग आणि वरच्या मजल्यावर संसार. तिच्या वडिलांना विचारून मी तिथे जाऊन बसायला लागले. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायचा, डायरीत काहीबाही खरडायचं. त्यांना माझा उद्योग काही केल्या उमगेना. "ह्यात काय नाच हाय मॅडम? हे रोजचंच की."

रोजचंच होतं, पण मला जे हवं होतं ते एका दुपारी करंट गेल्यावर मिळालं. गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. मोटर बंद पडल्यावर चाक आपल्या जोरानेच आणखी एखाद-दुसरा फेरा घेतं, म्हणून एक शेवटचा अर्धवट ठोका ऐकू आला आणि मग कुणाच्या तरी घरातला कुकर, सायकलची घंटा, इतका वेळ दबलेले सगळे आवाज वर आले. मुलीच्या वडिलांनी पहिल्यांदा हात घालून मधेच राहिलेला धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारा तुकडा, काढून घेतला. तो तसाच राहिला तर पुन्हा सुरू करताना ताण्याचे, म्हणजे उभे, धागे तुटतात. मग सगळे दारात. बायका पायरीवर बसल्या, कुणी चहा टाकला, मराठी-कानडी गप्पा सुरू झाल्या. करंट परत आला तेव्हा मात्र माग एकदम सुरू झाले नाहीत. ज्याचा चहा आधी संपला त्याचा माग आधी. एक, मग पलीकडचा, मग समोरचा, असं करत गल्ली पुन्हा भरली.

बंद पडताना सगळे एकदम आणि सुरू होताना एकेक. बॅलेचा सांगाडा इथेच मिळाला. पहिला भाग माग चालू, दुसरा भाग करंट गेलेला, तिसरा भाग एकेकाने पुन्हा सुरू होणं. याच्यापलीकडे गोष्ट अशी नाही.

आता हे पायांत उतरवायचं कसं? याबाबत बॅलेवाल्यांत दोन टोकाच्या रीती दिसतात. रशियात बॅले बसवणारा मारिउस पेतिपा घरी टेबलावर छोट्या बाहुल्या मांडून रांगा आणि गट आधीच ठरवून ठेवायचा. 1890 मध्ये सेंट पीटर्सबर्गला आलेल्या 'स्लीपिंग ब्यूटी'साठी तर त्याने संगीतकार चायकोव्हस्कीला लेखी कलमं दिली होती. इथे इतक्या मात्रांचं संगीत, इथे लय अशी, इथे अमुक पात्र येणार. दुसऱ्या टोकाला अमेरिकेत बॅले बसवणारा जॉर्ज बॅलन्शीन. 1934 मध्ये न्यूयॉर्कला 'सेरेनेड' बसवायला घेतला तेव्हा पहिल्या संध्याकाळी 17 मुली आल्या, म्हणून त्याची सुरुवात 17 जणींची. पुढच्या वेळी कमी आल्या तर तो भाग कमी जणींचा. तालमीत एक मुलगी उशिरा आली, एक पडली, तेही त्याने नाचात घेतलं.

माझ्याकडे पेतिपाची डायरी होती आणि बॅलन्शीनची हजेरी. कागदावर बारा जणांचे सुंदर नकाशे काढून नेले, तर कधी सात जण, कधी नऊ. खानापूरहून येणाऱ्या मुलीची बस चुकली की मधली रांग लंगडी. आठवडाभरात नकाशे बॅगेतच राहायला लागले आणि जे समोर उभे आहेत त्यांच्यावर काम सुरू झालं. याला मी काही तत्त्वज्ञान म्हणणार नाही. तालुक्याच्या एसटीने ठरवून दिलेली पद्धत होती ती.

हालचाली आणायच्या कुठून, यासाठी मी जर्मनीच्या नृत्यदिग्दर्शिका पिना बाउश यांची रीत धरली. त्या नर्तकांना पावलं सांगायच्या नाहीत, प्रश्न विचारायच्या, आणि उत्तरं अंगाने मागायच्या. मी मुलांना विचारलं, "तुमच्या घरात कुणाचे हात सारखे एकच काम करतात? ते करून दाखवा. तोंडाने सांगायचं नाही." पहिल्या दिवशी सगळ्यांनी पोळ्या लाटल्या. साहजिक आहे. पोळ्या संपल्यावर खरं यायला लागलं. एकीने वडिलांचं दुकानातलं कापड मोजणं दाखवलं, हात पूर्ण ताणून मान पलीकडे वळवलेली. निपाणीकडच्या मुलीने आजीचं विड्या वळणं दाखवलं. त्यात खांद्यापासून मनगटापर्यंत काहीच हलत नाही, फक्त बोटं. आणि वडगावच्या मुलीने कांड्या भरणं, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर धागा गुंडाळणं, दाखवलं.

ते जरा सविस्तर सांगते, कारण सगळा बॅले त्याच्यावर उभा राहिला. कांडी भरताना उजवा हात चाक फिरवतो, डावा हात धागा धरून पुढेमागे जातो. उजव्याची गती गोल, डाव्याची आडवी, आणि दोन्हींचा वेग वेगळा. धागा संपत आला की डावा अंगठा किंचित उचलतो. ती मुलगी हे करताना बसलेली होती. मी म्हटलं, हेच उभं राहून कर. मग म्हटलं, हातांऐवजी पायांनी कर. उजवा पाय जमिनीवर गोल काढतो, ज्याला बॅलेत राँ द जाम्ब म्हणतात, आणि डावा गुडघा आडव्या दिशेने वाकतो, सरळ होतो. अंगठा उचलणं कुठे न्यायचं ते सुचेना. तिनेच ते मानेत नेलं, हनुवटीचा एक छोटासा झटका. आता हे कांड्या भरणं आहे असं बघणाऱ्याला कळायचं कारण नाही, पण हंसांच्या तळ्यातून उचललेलं नाही हेही दिसत होतं. त्या एका आठ मात्रांच्या तुकड्यातून आम्ही पुढची कितीतरी मिनिटं काढली. तोच तुकडा उलटा करायचा, शेवटाकडून सुरुवातीकडे. तोच जमिनीवर झोपून. तोच एकामागून एक दोन दोन मात्रांच्या अंतराने सुरू करायचा. नवं काही शोधायला लागलं नाही. आहे तेच फिरवून फिरवून बघायचं. बाहेरच्यांना वाटतं कोरिओग्राफर शेकडो स्टेप्स सुचवत असेल. सुचवणारे असतीलही. माझा अनुभव असा की चांगला तुकडा एक मिळाला की पुष्कळ झालं, आणि दुसरा छान तुकडा सुचला तर तो पुढच्या वर्षासाठी ठेवायचा.

मुलगे दोनच. त्यातला एक अनगोळचा, नाच कधी शिकलेला नव्हता. पण शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत दरवर्षी ट्रॉलीवर उभा. बेळगावची ही मिरवणूक रात्रभर चालते. ट्रॉलीवर जिवंत देखावा, तलवार उगारलेली, आणि ट्रॉली गर्दीतून खुडखुडत चाललेली. त्याला प्लिए, म्हणजे गुडघे वाकवणं, धड जमत नव्हता, पाय मागे नेऊन अराबेस्कमध्ये उभा केला तर कंबर उघडायची. पण त्याला थांबता येत होतं. हात उगारून तो थांबला की खरोखर थांबायचा, श्वाससुद्धा खालून घ्यायचा. क्लासमधल्या मुलींना वर्षानुवर्षं शिकवून जे येत नाही ते तो मिरवणुकीतून घेऊन आला होता. मग करंट जातो तो क्षण त्याच्यावर ठेवला. सगळे अर्ध्या हालचालीत थिजतात, हळूहळू मोकळे होतात, आणि हा एकटा उगारलेला हात तसाच धरून उभा. किती वेळ? मी रोज थोडा वेळ वाढवत गेले. प्रेक्षक अस्वस्थ व्हायच्या एक पाऊल आधी त्याला सोडायचं, एवढंच गणित.

संगीताचं वेगळंच झालं. दोन माग शेजारी चालू असले की त्यांचा वेग अगदी सारखा कधी नसतो. एकाचा ठोका दुसऱ्याच्या किंचित पुढे, मग आणखी पुढे, आणि काही वेळाने दोन्ही पुन्हा एकावर एक पडतात. पाश्चात्त्य संगीतात संगीतकार स्टीव्ह राइशने हाच प्रकार पियानोवर केला, आणि त्याच्या संगीतावर बेल्जियमच्या आन तेरेसा द केअर्समाकर यांनी 1982 मध्ये केलेला 'फाझ' हा नाच त्याच सरकण्यावर आहे. आमच्या मुलांना इतकं बारीक सरकणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून सोपा हिशेब केला. एका गटाचा तुकडा सात मात्रांचा, दुसऱ्याचा आठ. दोघे एकत्र सुरू करतात, लगेच फुटतात, आणि 56 मात्रांनंतर पुन्हा एकत्र येतात. कागदावर सोपं. हॉलमध्ये सातवाले आठवाल्यांचं मोजणं ऐकून आठात शिरायचे, आठवाले सातात. कुणीतरी मधेच "टीचर, आम्ही कुठं आहोत?" असं ओरडायचं.

तोडगा एका मुलीने काढला. गटातल्या तिघी-चौघी कानडी शाळेतल्या. त्या म्हणाल्या, आम्ही आमचं मोजतो, तुम्ही तुमचं मोजा. सातवाले मराठीत, आठवाले कानडीत. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु, एंटु. शेजारून एक-दोन-तीन. कानावर पडत होतं, पण चिकटत नव्हतं. कारण काय ते मी सांगत बसणार नाही, पण चाललं. पुढे मराठी मुली गंमत म्हणून कानडीत मोजायला गेल्या आणि पुन्हा सगळं कोसळलं, तेव्हा मी दटावून ज्याची त्याची भाषा ज्याच्या त्याच्याकडे ठेवली. 1913 मध्ये पॅरिसला 'राइट ऑफ स्प्रिंग'च्या पहिल्या प्रयोगात प्रेक्षकांच्या गोंगाटात वाद्यवृंद ऐकू येईना म्हणून तो बॅले बसवणारा निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभा राहून आकडे ओरडत होता. आमच्याकडे प्रयोगात मोठ्याने मोजायची गरज पडली नाही, पण विंगेत उभ्या असलेल्या मुलींचे ओठ दोन भाषांत हलत होते.

नुसता मागाचा आवाज तीन मिनिटांपलीकडे सहन होत नाही. घरात राहणारे करतात सहन, तिकीट काढून आलेला करणार नाही. म्हणून करंट गेल्यानंतरच्या भागात एकच बासरी ठेवली, बाकी शांतता.

त्या भागात दोघांचा नाच हवा होता. बॅलेत पा द द्यू म्हणजे मुलगा मुलीच्या कमरेला धरतो, उचलतो, फिरवतो. आमच्या गल्ल्यांत हे नाजूक प्रकरण. एका आईने मला बाजूला घेऊन नीटच सांगितलं, "मॅडम, नाच चांगलाय, पण आमचे सासरे बघायला येणार आहेत." मी वाद घातला नाही. वाद जिंकले असते तर ती मुलगी पुढच्या वर्षी क्लासला आली नसती. घरून एक सुती सहावारी आणली आणि दोघांच्या मधे दिली. दोघांनी एकेक टोक धरून मागे कलायचं. साडी ताठ असेपर्यंत दोघेही पडत नाहीत, एकाने हात सैल केला की दुसरा आपटतो. एकमेकांना न शिवता एकमेकांचं पूर्ण वजन हातात. रेशमी साडी घसरते, नायलॉन ताणलं जातं, सुती आणि जरा पीळ दिलेली सगळ्यांत चांगली.

मग वाटलं, साडी मुलीच्या कमरेला गुंडाळून मुलाने ओढावी, ती गिरक्या घेत उलगडत जाईल. दिसायला झकास. केलं तर ती प्रत्येक वेळी तिरकी. ओढ कमरेवर एकाच बाजूने येते आणि शरीराचा उभा अक्ष हलतो. शेवटी असं ठरलं की गिरकी तिने स्वतःच्या पायांवर घ्यायची, त्याने फक्त साडी सैल पडू द्यायची नाही. बघणाऱ्याला वाटतं तो तिला फिरवतोय. खऱ्या पा द द्यूमध्येही हेच असतं. फिरते ती, तो फक्त तिला उभी ठेवतो. आमच्या मुलीला हे साडीमुळे जितक्या लवकर कळलं तितकं मला मुंबईत समजावून सांगूनही कळलं नव्हतं.

पालकांचा दुसरा प्रश्न, "गोष्ट काय आहे?" निवेदन लिहून द्यायला एक काका तयार होते, विणकरांच्या हालअपेष्टांवर, शेवटी संदेशासकट. हालअपेष्टा आहेतच. लॉकडाऊननंतर त्या गल्लीतले काही माग भंगारात गेले, हे मला माहीत आहे. पण माइकवरून कुणी "हा विणकर..." म्हणायला लागला की लोक नाच बघायचं सोडून ऐकायला लागतात. यंत्र आणि माणूस हा विषय आपल्याकडे नवीन नाही. नर्तक उदय शंकर यांनी अल्मोड्याच्या आपल्या नृत्यकेंद्राच्या काळात 'लेबर अँड मशिनरी' हा बॅले केला होता. तिथेच काम केलेल्या शांती बर्धन यांनी पुढे मुंबईत लिटल बॅले ट्रूप काढून रामायणात माणसांना कठपुतळ्यांसारखं हलवलं. म्हणजे अंगाने किती सांगता येतं याचा नमुना घरातच आहे. काकांना म्हटलं, निवेदन पुस्तिकेत छापू. त्यांनी ते मान्य केलं, नाराजीनेच.

कापाकापीबद्दल लोक कमी बोलतात. मी तालमी मोबाइलवर घेऊन रात्री घरी बघायचे, आवाज बंद करून. आवाज असला की वाईट हालचालसुद्धा तालात असल्यामुळे बरी वाटते. आवाज बंद केला की कुठे नुसती माणसं इकडून तिकडे नेली आहेत ते उघडं पडतं. कापड मोजण्याचा सुंदर तुकडा असाच गेला. ज्या मुलीचा होता ती दोन दिवस बोलली नाही. विड्या वळणं राहिलं, पण बारा जणांऐवजी एकटीचं, कारण बोटांची हालचाल घोळक्यात दिसतच नाही. शेवटच्या आठवड्यात मी एकही पाऊल नवं दिलं नाही, फक्त काढत गेले.

दिव्यांवरून गंमत झाली. बॅलेला प्रकाश बाजूने लागतो, विंगेत उभ्या खांबांवर घोट्याच्या, कमरेच्या आणि डोक्याच्या उंचीवर दिवे. समोरून प्रकाश टाकला की शरीर सपाट दिसतं, बाजूने टाकला की हातापायांची गोलाई उठते. आमचे दिवेवाले मामा नाटकांतले जुने. ते म्हणाले, "ताई, तोंडं दिसायची नाहीत की हो. लोक काय पाय बघायला येणार काय?" मी म्हटलं, "होय मामा, पायच." ते बराच वेळ मान हलवत होते, पण खाली घोट्याशी दिवा लावून दिला. करंट जातो त्या क्षणी सगळा बाजूचा प्रकाश बंद करून वरून एकच पिवळट दिवा आणायचा, ही कल्पना मात्र त्यांची. माझ्या कागदावर तिथे काळोख लिहिलेला होता.

प्रयोग बरा झाला. करंटच्या ठिकाणी मागच्या रांगेतला एक जण खरंच दिवे गेले समजून "अरे जनरेटर!" ओरडला. मुलांना हसू आलं नाही, हे माझं समाधान. वडगावहून मुलीचे वडील आले होते. सगळं झाल्यावर म्हणाले, "शेवटी माग सुरू करताना तुमच्या मुली फार लवकर लवकर सुरू करतात. चहाला तेवढा वेळ लागतो की." बरोबर होतं. पुढच्या वेळेसाठी दोघींच्या मधलं अंतर वाढवलं.

पुढच्या वेळचा प्रयोग खानापूरला ठरतोय, आणि अनगोळचा मुलगा इंजिनिअरिंगला हुबळीला गेला. त्याच्यासारखं थांबणारं दुसरं कुणी नाही. त्याच्या जागी घेतलेली मुलगी एका पायावर सुंदर फिरते, पण उगारलेला हात तिला धरवत नाही. म्हणून करंट गेल्यावर आता कुणी थांबत नाही. ती एकटी फिरत राहते, वेग उतरत उतरत, त्या चाकाच्या शेवटच्या फेऱ्यासारखी. शिवाय ती डावखुरी, तिची गिरकी डावीकडची. म्हणजे पुढची तिरकी रांग आता उलट कोपऱ्यातून येणार, साडीचं टोक दुसऱ्या हातात जाणार, आणि घोट्याशी लावलेला दिवा पलीकडच्या विंगेत. मामांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, वायर पुरायची नाही, दहा मीटर जास्तीची घेऊन या.